दिवस कलला की दरी त्यांची

गावाची परवानगी घ्यायला मी एकटीने चंद्रपूरहून अहेरीची एसटी पकडली, तेव्हा पिशवीत नकाशा होता, उजव्या गुडघ्याला पट्टा होता आणि डोक्यात राग. आम्ही चार मैत्रिणी, सगळ्या पन्नाशीच्या पुढच्या. हिवाळ्यात पाठीवर बॅगा टाकून गडचिरोलीतल्या एका दरीतून तीन दिवस चालायचं, धबधबे बघायचे, असा बेत. पण लेकाने सांगून टाकलं, "आई, तू फक्त प्लॅन कर. चालतील त्या तिघी." मी मुकाट्याने यादीत तीनच नावं लिहिली. लिहिताना रडू आलं, खोटं कशाला बोलू?

अहेरीच्या बाजारात गरम भजी खाल्ली. पुढे जीपमध्ये दोन कोंबड्यांशेजारी जागा मिळाली. गावाचं नाव लिहीत नाही, गावकऱ्यांनीच नको म्हटलं. मोहाच्या झाडाखाली ग्रामसभा बसली होती. तिच्या होकाराशिवाय दरीत उतरायचं नाही. मी ऐटीत नकाशा पसरला. रोज बारा किलोमीटर, मुक्काम धबधब्याच्या डोहाकाठी!

सगळे नकाशावर वाकले. मग त्याच रानात मोहफुलं वेचत म्हातारी झालेली जैनीबाई हसली. "पान्यापाशी कोन झोपते, बाई? दिवसा येर (पाणी) आपलं. दिवस कलला का जनावरायचं. त्याहीनं काऊन तहानेलं राहावं?"

"मग झोपायचं कुठे?"

"वर, धानाच्या बांधीत, मोकळ्या वावरात. चार वाजता दरी सोडाची. जमत नसन, तर जाचं नाई."

झालं! महिनाभराच्या मेहनतीवर पाणी. दुपारीच वर यायचं म्हणजे दिवसाला जेमतेम पाच किलोमीटर, आणि तीन दिवसांचे सात दिवस. चडफडत खोडाखोड करताना पेन एकदम थांबलं. पाच किलोमीटर? अगं, एवढं तर मी रोज सकाळी फिरते!

"जैनीबाई, पहिल्या धबधब्यापर्यंत मला न्याल?"

तिने माझ्या पट्ट्याकडे पाहिलं. "माहा बी गुडघा कुरकुरते. उतारावर पाय आडवा टाका, घाई नोका करू."

ढोरवाटेने उतरलो. दोनदा घसरले, एकदा तर चक्क फतकल मारली. जैनीबाई शांतपणे तंबाखू मळत थांबली. आणि मग काळ्या खडकावरून धो धो कोसळणारं ते पाणी! तोंड धुतलं, अंगावर तुषार घेतले, वेड्यासारखी हसले. ऊन तिरपं झालं तशी जैनीबाई उठली. "चला. आता त्याहीची पाळी." चढताना गुडघा दुखला, पण त्याने दगा दिला नाही.

बदललेल्या बेताला ग्रामसभेने होकार दिला. परतीच्या बसमध्ये सुलभाचा, आमच्या चौघींतल्या सगळ्यात उत्साही बाईचा, फोन आला. "जमलं? तीन बॅगा भरायला घेऊ ना गं?"

"चार भर," मी म्हटलं. "आणि सुट्टी आठवड्याची काढा. मी हळू चालते."