मे महिन्यातला रस्ता
सायकलचं मडगार्ड घासताना सुकलेल्या गाळाचा वास आला, की मला दिघाशी गावाच्या पलीकडचं एक तळं आठवतं. भिवंडीतल्या लूमची खडखड मागे टाकून आम्ही चौघं सायकलींवरून तळ्यांच्या गावांमधून फिरायला निघालो होतो, आणि रस्ता ठरवायचं काम मी हट्टाने मागून घेतलं होतं. भातशेतं पिवळी पडत होती. मोबाइलच्या नकाशात रस्ता सरळ पुढे जात होता; समोर मात्र तो उतरत उतरत पाण्यात शिरला होता. सोबतचे तिघं खो-खो हसले. काठावर कपडे धुणाऱ्या म्हातारीला मी विचारलं, तर ती धुणं न थांबवता म्हणाली, "रस्ता हाय ना बाय, पन आता पान्याखाली हाय. मे म्हयन्यात ये." त्या दिवशी लांबचा वळसा पडला आणि घरी पोचेपर्यंत टोमणे ऐकावे लागले. मे महिन्यात मी एकटी परत गेले. पाणी पार मागे हटलं होतं, तडकलेल्या गाळातून जुना रस्ता वर आला होता, आणि मी या काठावरून त्या काठावर सायकल मारत गेले. आता भर पाण्याच्या दिवसांत तिथे थांबलो आणि कुणी विचारलं, "किती खोल असेल गं?" की मी म्हणते, "फार नाही. मी तळाशी सायकल चालवून आलेय."