चिठ्ठीवरचं ‘येतो’

माझी बायको अनुराधा आठवडाभर शारजातल्या एका शाळेच्या ऑफिसात दाखले आणि रजेचे अर्ज सांभाळते आणि रविवारी सकाळी दहा ते अकरा रेडिओवर बोलते. हिंदी स्टेशनवरचा हा मराठी तास नऊ वर्षांपूर्वी तिच्या गळ्यात पडला. मी दत्तप्रसाद, तिचा नवरा, ड्रायव्हर आणि बिनपगारी मदतनीस. स्टुडिओच्या काचेबाहेर बसून श्रोत्यांचे व्हॉट्सअ‍ॅप संदेश ऐकायचे, कापूनकुपून चिठ्ठीवर उतरवायचे आणि आत सरकवायचे, हे माझं काम. बायकोचं बोलणं कमी करणं या जन्मात जमलं नाही म्हणून लोकांच्या बोलण्यावर कात्री चालवतो, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो.

तिला ऐकणारी माणसं म्हणजे साइटवरची, बोटींवरची, आणि गावाकडे फोनवर कार्यक्रम लावून बसलेल्या त्यांच्या आया. दाढेखाली लवंग धरून ती त्यांच्याशी ओट्याशी उभं राहून बोलावं तशी बोलते. शेवटी फक्त ‘येते हं’ म्हणते. निघताना ‘जाते’ म्हणायचं नाही ही आपली रीत, बाकी त्यात काही नाही. पण तिच्या तोंडात ते इतकं बसलंय की बँकेच्या माणसाचा फोन ठेवतानाही ती ‘येते हं’ म्हणते, आणि मी तिला चिडवतो.

त्या रविवारी पहाटे आकाशात स्फोट झाले आणि अल मजाजमधल्या आमच्या अठराव्या मजल्यावरच्या काचा थरथरल्या. लढाई आखाताच्या पलीकडे चाललीय, इथे काही होत नाही, असं मी आठवडाभर सगळ्यांना छातीठोकपणे सांगत होतो. विमानं बंद झाली होती. अनुराधा साडेआठलाच चपला घालून उभी राहिली.

“आई, इट्स नॉट सेफ. स्किप इट टुडे,” आमची ईशानी म्हणाली.

“आजच तर जायला हवं,” अनुराधा म्हणाली.

स्टेशनचा मॅनेजर अक्रम दारातच भेटला. “भाभी, गाने-वाने खलास. आज सिर्फ लोगों के मेसेज पढ़ो, कि हम सलामत हैं. और दत्ताभाई, जगह का नाम नहीं, जहाज़ का नाम नहीं, कौन कहाँ जा रहा है, कुछ नहीं.” लढाईच्या दिवसांत हा नियम बरोबरच होता.

संदेशांचा पूर आला होता. मी ऐकत होतो, लिहीत होतो, कापत होतो. त्यातला एक नीलेश पाष्टेचा होता, दापोलीकडचा. “मॅडम, माझ्या आईला सांगा, बार्जवर चाललोय, चार दिवस फोन लागायचा नाही. आई, काळजी करू नको. येतो.” जहाजाचा उल्लेख नको म्हणून बार्ज कापला, चार दिवस कापले. चिठ्ठीवर उरलं ते असं: नीलेश पाष्टे, आई, काळजी करू नको, येतो.

आधीच्या तिघांनी विमानं सुरू झाली की गावी येतो, असंच कळवलं होतं. अनुराधाने नीलेशचा ‘येतो’सुद्धा त्याच आनंदात वाचला. मला काचेतून दिसलं, ती हसत होती. मीही हसलो.

साडेबाराला, आम्ही निघायच्या तयारीत असताना, स्टेशनच्या फोनवर एका बाईंचा आवाज आला. “बाई, मी नीलेशची आई. तुम्ही सांगितलंत तो येतो म्हणून. कुठल्या गाडीने येतोय तेवढं कळवा. मी अंगण सारवायला घेतलंय.”

बघून कळवतो असं सांगून मी नीलेशचा मूळ संदेश पुन्हा लावला. तो कामाला निघताना आईचा निरोप घेत होता. मी मधलं कापलं आणि त्याला घरी पाठवून दिलं.

“तू बार्ज कापलास?” अनुराधाने एवढंच विचारलं. मग म्हणाली, “लाव फोन. तो कामावर गेलाय म्हणून सांगू. रागावतील थोड्या.”

मी नंबर शोधत होतो तेवढ्यात महादूचा फोन आला. कामगारांच्या कॅम्पमध्ये हा नीलेशच्या शेजारच्या खाटेवर झोपायचा. “साहेब, बार्जवर वरून फुटलेल्या मिसाइलचे जळते तुकडे पडले. साडेदहाच्या सुमाराला. नीलेश गेला.”

साडेदहाला आम्ही त्याचा निरोप वाचत होतो. मी हे कितीदा मनात जुळवलं तरी ते जुळेना.

“कंपनीने घरी कळवलं?” मी विचारलं.

“कंपनीच्या माणसाने आत्ताच हिंदीत सांगितलं, पण आई ऐकूनच घेईना. म्हणाली, तो येतोय, रेडिओवर सांगितलंय. साहेब, आता मॅडमनीच सांगायला हवं. तिचा दुसऱ्या कुणावर विश्वास नाही.”

अनुराधाने लवंग थुंकली. तिने फोन हातात घेतला. मी म्हणालो, मी सांगतो, चूक माझी आहे. तिने मान हलवली. “आवाज माझा होता.”

तिने सांगितलं. आडवळण न घेता, नीलेश गेला असं सांगितलं.

“पण तुम्हीच म्हणालात, येतो.”

“माझं चुकलं, आई. तो बोटीवर निघाला होता. निघताना म्हणतात तसं म्हणाला होता.”

“हो. दारातून निघतानापण असंच म्हणाला होता,” त्या म्हणाल्या. मग शांतपणे विचारलं, “त्याला आणतील ना?”

“आणतील. मी बघते. रोज फोन करते.” फोन ठेवायचा म्हणून, नऊ वर्षांच्या सवयीने, तिच्या तोंडून निघून गेलं, “येते हं.”

मी डोळे मिटून घेतले.

“ये,” नीलेशची आई म्हणाली. “तू तरी ये.”