भटक्या संचांच्या वानखेडे मॅडम

कोणी सिद्धांत सांगायला लागलं, की वानखेडे मॅडम खडू खाली ठेवून विचारत, "अट कुठं ठेवली?" जयपूरजवळच्या आमेरच्या दुकानदारानं कापडाच्या पक्क्या रंगाची हमी दिली, तरी त्यांचं तेच: "किस शर्त पर, भैया?"

मॅडम अकोल्याच्या. पती रेल्वेत, म्हणून जयपूरला. दोन हजार सालानंतरच्या त्या वर्षांत त्या आमच्या कॉलेजात एम.एस्सी.ला गणित शिकवत. नेमणूक दर वर्षी नव्यानं. वर्गात मराठी मी एकटीच, त्यामुळे माझ्याशी वऱ्हाडीत बोलत.

त्यांचा विषय भटके संच. "खोलीत सारख्या मापाच्या सतरंज्या अंथरत गेली, तर केव्हातरी एकीवर दुसरी येनारच. पन मैदानाले अंतच नसला तर? असा पुढे सरकत राहनारा, सोतावर कधीच परत न येनारा संच म्हंजे भटका."

विभागप्रमुखांनी एका शोधनिबंधात मर्यादित जागेतला नियम अमर्याद जागेलाही लावला होता: जवळपास सगळं फिरून परत येतं. भटके संच नसावेत, ही अट गाळलेली. मॅडमनी आधी त्यांना खोलीत जाऊन सांगितलं. ते हसले. पुढे चर्चासत्रात त्यांनी तोच निबंध वाचला, तेव्हा मॅडमनी उठून तो नियम मोडणारं उदाहरण फळ्यावर लिहिलं.

"मैडम, यह बाद में बैठकर देख लेंगे," प्रमुख म्हणाले.

"सर, छप तो पहले ही गया है."

उन्हाळ्यात नेमणूक संपली, ती पुन्हा झालीच नाही. 'गरज नाही' म्हणे. जुलैत त्यांचेच तास प्रमुखांच्या एका विद्यार्थ्याला मिळाले. मी तणतणत रेल्वे क्वार्टरवर गेले. मॅडम भेंडी चिरत होत्या.

"तुम्ही जरा गप्प राहिला असतात तर?"

सुरी थांबली. "मंग तू तेच चुकीचं शिकली असती, अन् पोरांले शिकवलं असतं. नोकरीचा राग आहेच मले. पन चूक दाखवली म्हनून गरज संपते, याचा जास्त आहे."

पतीची बदली झाली आणि त्या भुसावळला गेल्या. नंतर प्रमुखांची दुरुस्ती छापून आली. उदाहरण मॅडमचं, जसंच्या तसं. नाव फक्त प्रमुखांचं. मी फोनवर सांगितलं. त्यांनी अंक आणि पान विचारून घेतलं. मग म्हणाल्या, "संपादकाले लिहितो मी." त्यांनी लिहिलं. उत्तर आलं नाही. ते यायच्या आशेवर असतानाच त्या आजारी पडल्या आणि गेल्या.

आता मी शिकवते. ते उदाहरण आलं, की आधी फळ्यावर लिहिते: संघमित्रा वानखेडे. मुलं विचारतात, हे नाव कुठल्या पुस्तकात आहे? कुठल्याच नाही, असं सांगते. आणि का नाही, तेही सांगते.