व्हॉल्व्हचं पातेलं

माझ्या स्वयंपाकघरात एक ॲल्युमिनियमचं पातेलं आहे, त्यात मी अन्न शिजवत नाही. ते गाडीच्या व्हॉल्व्हचं. गाडी घेतली त्याच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी ह्यांनी पहिल्यांदा व्हॉल्व्ह उकळला तो माझ्या दुधाच्या पातेल्यात, आणि मला सांगितलंही नाही. दुपारच्या चहाला रबराचा वास आला. मी चहा मोरीत ओतला आणि पातेलं नेऊन ह्यांच्या हत्यारांच्या पेटीवर ठेवलं. म्हटलं, "हे आता तुमचं. दुधाला दुसरं आणा." त्यांनी आणलं.

हे खिदिरपूरच्या गोदीत फिटर होते. मी चौथी शिकलेली. लग्न होऊन कोलकात्याला आले तेव्हा इंजिन म्हणजे आगगाडीचं, एवढंच मला ठाऊक. पण सुट्टीच्या दिवशी हे गाडीत डोकं घालून बसायचे आणि मला पाने द्यायला उभं करायचे. दहा नंबर दे, बारा नंबर दे. चाळीस वर्षं उभी राहिले. कंटाळा यायचा. पण बघून बघून माणसाला कळतं.

व्हॉल्व्ह म्हणजे थर्मोस्टॅट. इंजिनातून पाणी फिरतं, त्या वाटेवर मुठीत मावेल एवढी ही झडप असते. इंजिन गार असेल तर ती बंद राहते, म्हणजे इंजिन लवकर तापतं. पुरेसं तापलं की उघडते आणि पाणी रेडिएटरकडे जाऊन गार होऊन येतं. ती बंदच चिकटली तर गाडी उकळते. उघडीच राहिली, किंवा मुळात नसलीच, तर इंजिन हवं तितकं तापत नाही, पेट्रोल जास्त पितं आणि आतून झिजतं. इथले पुष्कळ मिस्त्री चिकटलेली झडप काढून फेकतात आणि नवी बसवतच नाहीत. गरम मुलूख आहे, कशाला हवी, म्हणतात. गाडी चालते, गिऱ्हाईक खूश. ह्यांना त्याची फार चीड होती. असला मिस्त्री दिसला की हे रस्त्यात उभे राहून त्याला शिकवायचे. मी पुढे चालू लागायची.

तीन वर्षांपूर्वी ह्यांचं विसरणं सुरू झालं. आधी चष्मा, मग गॅस, मग बेहाला भागातलं आमचं स्वतःचं घर. दूध आणायला गेले आणि शेजारच्या गल्लीत कुणाच्या तरी पायरीवर बसून राहिले. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून दर गुरुवारी ड्रायव्हर पुरवणाऱ्या सेंटरमधून एक ड्रायव्हर बोलवायचा. ह्यांच्याहून दहा-बारा वर्षांनीच लहान असेल.

एकदा ह्यांनी तेलाचं झाकण लावलं नाही आणि सगळं इंजिन तेलाने माखलं. मुलगा पुण्याला असतो. तो मला फोनवर म्हणाला, "आई, बाबांनी आता पाना हातात धरायचा नाही. अजून एक चूक झाली तर मी येऊन गाडी विकून टाकीन." मी म्हटलं, बरं. ह्यांना काही बोलले नाही. दिवसभरात ह्यांना ओळखीचं असं तेवढंच उरलं होतं. गाडीपाशी गेले की हातांना सगळं आठवायचं. मग तासभर मला बरं वाटायचं.

त्याच्या पुढच्या जानेवारीत रक्त तपासून परत येताना खिदिरपूरच्या पुलावर गाडी उकळली. तापमानाचा काटा लाल रेघेपाशी गेला, पुढून वाफ. ड्रायव्हरने गाडी कडेला घेतली.

"वाल निकालकर फेंक देंगे, बाबू," तो म्हणाला. "सब लोग फेंक देता है."

"मग डोकं पण काढून फेक," ह्यांनी त्याला हिंदीत सुनावलं. "गाडी हलकी होईल."

ड्रायव्हर हसला. मीही हसले. सकाळी काय खाल्लं ते ह्यांना सांगता आलं नसतं, पण झडप बंद चिकटली हे वाफ बघून कळलं. ते बरोबरच निघालं.

दुसऱ्या दिवशी मल्लिकबाजारातून नवा व्हॉल्व्ह आणला. तिथला एक दुकानदार ह्यांना तीस वर्षं ओळखायचा. शनिवारी सकाळी ह्यांनी जुना काढला. मग नवा पातेल्यात सोडला, दोऱ्याला बांधून. हे त्यांचं नेहमीचं. नवा आहे म्हणून तसाच बसवायचा नाही. पाणी तापवायचं, गोदीतून आणलेला थर्मामीटर धरायचा आणि ब्याऐंशी अंशांना झडप उघडते का ते बघायचं. उघडली. मला हाताला धरून दाखवली. गॅस बंद केला आणि म्हणाले, "निवू दे. तोवर मी बसवायची जागा घासून घेतो."

तेवढ्यात मुलाचा फोन आला. अर्धा तास मी त्याच्याशी बोलले. बाबा ठीक आहेत, म्हटलं. चाळीस वर्षांत त्या एकाच वेळी मी पाने द्यायला उभी नव्हते. बाहेर आले तर काम झालं होतं. बोल्ट आवळलेले, हिरवं कूलंट भरलेलं, हे फडक्याला हात पुसत होते.

"बघ. अजून जमतं," म्हणाले.

रविवारी सकाळी मी ओट्यावरचं पातेलं उचललं. जड लागलं. आत गार पाण्यात व्हॉल्व्ह होता, दोऱ्यासकट.

हे बाहेर पेपर घेऊन बसले होते. पेपर उलटा नव्हता, एवढं मी बघितलं.

"काय खुडबुड चाललीय?" त्यांनी विचारलं.

"गाळणी सापडत नाही."

व्हॉल्व्ह पुसून मी तुरीच्या डाळीच्या डब्यात, खाली घातला. मी तोंडावर बोलणारी बाई आहे. माझ्या सख्ख्या बहिणीला तिच्या नवऱ्याच्या तेराव्याला जे सांगायचं ते सांगितलं होतं. पण हे माझ्याने सांगवलं नाही. गाडी चालतेय ना, म्हटलं. झडपेशिवाय चालतात इथे हजारो गाड्या. कोण बघतंय काटा?

ह्यांनीच बघितला. पुढच्या गुरुवारी चष्म्यासाठी एस्प्लनेडला गेलो. थंडी होती. जाऊन येईपर्यंत काटा तळाशीच. हे ड्रायव्हरच्या शेजारी बसून एकटक काट्याकडे बघत होते.

"काटा उठत नाही," म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा, "काटा उठत नाही. झडप उघडी राहिलीय. मला नकली माल दिला त्या दुकानदाराने."

"असेल थंडीमुळे."

"थंडीमुळे काय? शिमल्यात गाड्या चालत नाहीत?"

वाटलं, उद्यापर्यंत विसरतील. बाकी सगळं विसरायचे. हे विसरले नाहीत. शुक्रवारी सकाळी शर्ट घालून तयार. टॅक्सीने मल्लिकबाजारात गेलो. तिथे पोचेपर्यंत माझ्या तोंडाशी तीनदा आलं आणि तीनदा मी खिडकीबाहेर बघितलं.

दुकानदार उठून उभा राहिला. "आइए दादा, चाय मँगाऊँ?"

"चोर आहेस तू," हे म्हणाले. मराठीत म्हणाले, मग हिंदीत म्हणाले. तीस वर्षं माल घेतला, म्हातारा झालो म्हणून फसवलंस. आवाज इतका चढला की समोरच्या दुकानातली माणसं बाहेर आली. दुकानदार ह्यांच्याच वयाचा, दाढी पांढरी. आधी त्याने विचारलं, "दादा, पीस खोलकर लाए हैं?" ह्यांनी खिसे चाचपले. मग माझ्याकडे बघितलं. मी पर्स घट्ट धरून उभी होते.

दुकानदारानेही माझ्याकडे बघितलं. त्याला काय कळलं ते कळलं. त्याने फळीवरून दुसरा डबा काढला आणि ह्यांच्या हातात दिला. "ले जाइए. गलती हो गई होगी." पैसे घेतले नाहीत.

घरी येऊन हे कपडेही न बदलता गाडीपाशी गेले. बॉनेट उघडलं, दहा नंबर मागितला. आता दोन बोल्ट सुटले की आत रिकामी जागा दिसणार होती. मी घरात गेले, डब्यातली डाळ परातीत ओतली आणि व्हॉल्व्ह आणून त्यांच्यासमोर ठेवला. दोऱ्याची गाठ त्यांचीच होती.

"पातेल्यात राहिला होता," मी म्हटलं.

त्यांनी उचलला. अंगठ्याने डाळीची भुकटी पुसली.

"कधीपासून?"

"शनिवारपासून."

"तुला कधी कळलं?"

"रविवारी."

मला वाटलं, आपल्या विसरण्याचं दुःख करतील. त्याची मी तयारी केली होती. म्हणायचं होतं, होतं असं, वय झालं. पण ते म्हणाले, "आणि तू मला त्या माणसाला चोर म्हणू दिलंस."

 

मग त्यांनी पाना माझ्या हातात दिला. म्हणाले, "लाव."

"मी?"

"मग काय शेजारणीला बोलावू?"

ते स्टुलावर बसले आणि मी बोल्ट सोडले.

"बारीक भोक वर ठेव," म्हणाले. "हवा तिथून निघते."

"वर म्हणजे कुठे?"

"आकाशाकडे. दुसरं वर कुठलं असतं? रबराच्या रिंगवर नख फिरवून बघ, दुमडली नाही ना. आता बोल्ट. एकदम आवळायचा नाही. थोडा हा, थोडा तो."

एकही गोष्ट चुकीची सांगितली नाही. मी कूलंट भरलं, रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं, किल्ली त्यांनी फिरवली. बुडबुडे येऊन थांबले तसं अजून थोडं ओतलं आणि झाकण लावलं. दहा-बारा मिनिटांनी काटा मध्यावर येऊन थांबला. हे काट्याकडे बघत होते.

"बरोबर आहे," म्हणाले. गाडी बंद केली, हत्यारांची पेटी लावली आणि तिची किल्ली माझ्या हातात ठेवली. नंतर कधी मागितली नाही. मी दोनदा स्वतःहून पुढे केली, तर म्हणाले, "असू दे तुझ्याकडे."

त्याच संध्याकाळी मला म्हणाले, उद्या जाऊन त्याचा माल परत कर, चूक माझी होती सांग. स्वतः यायला तयार झाले नाहीत. मी गेले. चूक त्यांची नाही, माझी होती, असं मी दुकानदाराला सांगितलं, आणि कशी ते सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भाभी, दादा ने तीस साल में एक भी गलती नहीं की. एक तो हक़ बनता था." व्हॉल्व्ह परत घेतला नाही. रख लीजिए, काम आएगा, म्हणाला.

गाडीचं काम सुटल्यावर ह्यांचं बाकीचंही लवकर गेलं. रोज गाडीपाशी जायचे ते बंद झालं, खिडकीत बसायचे. त्याच वर्षी दुर्गापूजेच्या सुमारास मला ओळखेनासे झाले आणि पुढच्या थंडीत गेले. मुलगा म्हणतो, आजारच तसा, तुझा काय दोष? असेल. मी रडत बसणारी बाई नाही. पण एक गोष्ट राहून राहून डोक्यात येते. रविवार ते गुरुवार चार दिवस माझ्या हातात होते. हे रोज दुपारी दीड तास झोपायचे. व्हॉल्व्ह माझ्या डब्यात होता, पाने जिन्याखाली होते आणि मला सगळं येत होतं. गुपचूप बसवून टाकला असता तर काटा गुरुवारी मध्यावर आला असता, ह्यांनी बघितला असता आणि म्हणाले असते, बघ, अजून जमतं. मला सुचलंच नाही. ते काम त्यांचं होतं, मी पाने देणारी.

गाडी अजून आहे. गेल्या महिन्यात काटा पुन्हा वर चढायला लागला. ड्रायव्हर तोच आहे. तो म्हणाला, "फेंक दें, माँजी?" मी म्हटलं, डोकं फेक. दुकानदाराने दिलेला दुसरा व्हॉल्व्ह काढला, पातेल्यात उकळला, ब्याऐंशीला उघडला तो बघितला आणि बसवला. बोल्ट आवळण्याआधी आत जाऊन पातेलं बघून आले. रिकामं होतं. आवळल्यावर पुन्हा एकदा जाऊन आले.