महाराणीची शोकसभा

माझ्या साडूला टोपी शोभते. मानेवर झालर असलेली, हनुवटीखाली दोरी बांधायची ती टोपी दुसऱ्या कुणी घातली असती तर लोक हसले असते. तो घालतो तेव्हा लोक त्याच्या मागे चालू लागतात. तो माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा. बायको त्याला भावजी म्हणते, आणि "भावजी असते तर" हे शब्द आमच्या घरात शेगडी बिघडण्यापासून इन्कम टॅक्सपर्यंत कुठल्याही प्रसंगी ऐकू येतात.

डोंगरीतली ती टॅरंटुला, म्हणजे बिळात राहणारा तो मोठा केसाळ कोळी, मात्र आधी माझी होती.

माझी म्हणजे मला सापडली होती. गिरगाव सोडून आम्ही मीरा रोडच्या पुढे गोडदेवला आलो. इथे इमारती इतक्या खेटून आहेत की समोरच्या घरातली मालिका आम्हाला आवाजासकट दिसते. त्यामुळे रविवारी दुपारी मी बस पकडून डोंगरीला, गिरगावाजवळच्या नव्हे, इकडच्या डोंगरी गावाला, जाऊ लागलो. गावामागच्या टेकाडावर, ताडांच्या पलीकडे, पायवाटेला लागून तांबड्या मातीची कंबरभर उंचीची दरड आहे. तिच्यात एक गोल बीळ होतं आणि बिळाच्या तोंडाला पांढऱ्या रेशमाची कॉलर. ऊन उतरलं की त्या कॉलरपाशी दोन केसाळ पाय यायचे. मग आणखी दोन. मग ती तशीच बसून राहायची.

मी फार वाचलं होतं तिच्याविषयी, पण बसून बघण्याला तोड नव्हती. तिचं जाळं नसतं, धावपळ नसते. डोळे आठ, पण दृष्टी बेताची. जग तिला पायांतून कळतं, जमिनीच्या थरथरण्यावरून. एखादा नाकतोडा जवळून गेला की ती कधी झेपावली आणि कधी आत गेली हे समजायचंही नाही. लोक तिला बघितलं की चप्पल शोधतात. तिच्या विषानं माणूस मेल्याचं मी तरी कुठे वाचलेलं नाही. चावली तर दुखतं, सुजतं, आणि चूक बहुतेक वेळा बोट घालणाऱ्याची असते. मादी वर्षानुवर्षं एकाच बिळात काढते. नर मात्र वयात आला की घर सोडतो, माद्यांच्या दारांवर पायांनी थाप देत हिंडतो आणि लवकरच मरतो. हे मी बायकोला सांगितलं तेव्हा ती वाल सोलत होती. "त्या माद्यांचं बरंय," एवढंच म्हणाली.

एका रविवारी साडू जेवायला आला होता. पुरणपोळीच्या भरात मी त्याला तिच्याबद्दल सांगितलं, आणि संध्याकाळी घेऊनही गेलो. त्यानं गवताची एक काडी तोडली आणि बिळाच्या तोंडाशी हलवली. मी हे किती वेळा केलं होतं! दर वेळी ती पाय आखडून आत जायची. त्या दिवशी ती पुरती बाहेर आली, मागच्या पायांवर उभी राहिली आणि पुढचे पाय वर करून तिनं दात दाखवले.

"बघा साडूभाऊ, ओळख झाली आमची!"

ती ओळख नव्हती. ती भयंकर चिडली होती. पण माझ्यावर ती कधी चिडलीसुद्धा नव्हती.

त्यानंतर ती माझी राहिली नाही. साडूनं निसर्गप्रेमींचा ग्रुप काढला. दर रविवारी मीरा रोडहून गाड्या भरून लोक येऊ लागले. मी तिला कधी नाव दिलं नव्हतं. त्यानं पहिल्याच फेरीत 'महाराणी' म्हणून जाहीर केलं. ती अंगावरचे केस उडवून शत्रूला आंधळं करते, असंही तो सांगायचा. मी म्हणालो, ते अमेरिकेतल्या जातींचं. आपल्याकडच्यांना ते जमत नाही. त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला.

"आमचे साडूभाऊ वाचतात फार."

सगळे हसले. मग एका गृहस्थानं त्यालाच विचारलं, "अंकल, ये काटती है क्या?" आणि त्यानं टोपीची दोरी सैल करत उत्तर दिलं. गणपतीत एका मंडळानं त्याचा शाल आणि नारळ देऊन सत्कार केला. त्या सत्काराला मी टाळ्या वाजवल्या. शेजारी बायको बसली होती.

होळी झाली आणि एका रविवारी बिळाचं तोंड मातीनं बंद दिसलं. साडूनं टॉर्च मारला, बोटानं माती चाचपली आणि टोपी काढली.

"गेली," तो म्हणाला.

एका बाईंनी डोळे पुसले. सगळ्यांची पांगापांग झाल्यावर मी वाकून पाहिलं. मातीच्या कडेला ताजं पांढरं रेशीम होतं, आतून विणलेलं. मेलेलं कुणी आतून कडी लावत नाही. कात टाकायची असली, अंडी असली किंवा उन्हाळा सोसवेनासा झाला की त्या दार लावून घेतात. हे मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो. ती मेली असं ठरलं तर ग्रुप दुसरीकडे जाईल, आणि दरड, ऊन उतरण्याची वेळ आणि ती, सगळं परत माझं होईल.

"भावजींना फार लागलं असेल ना?" बायकोनं विचारलं.

"हो ना," मी म्हणालो. बऱ्याच दिवसांनी मी दोनदा भात घेतला.

पुढच्या रविवारी शोकसभा ठेवली होती. एका कोळ्याची शोकसभा! पण फ्लेक्सही छापून आला होता. वर 'महाराणी हिला भावपूर्ण श्रद्धांजली', मधे हात जोडलेला साडू, भोवती गोल चौकटींत शोकाकुल मंडळी आणि एका कोपऱ्यात, नीट शोधलं तर, ती. फ्लेक्सवाला दोन बांबू आणि पहार घेऊन उभा होता.

"साहब, किधर गाड़ूं?"

साडूनं दरडीच्या माथ्याकडे बोट दाखवलं. "बरोबर तिच्या डोक्यावर. छत्र धरल्यासारखं दिसलं पाहिजे."

पहारीचा पहिला घाव बसला आणि दरडीची माती घरंगळत बिळावर आली. आतल्या तिला तो घाव पायांतून कसा कळला असेल, हे तिथे जमलेल्यांत फक्त मला ठाऊक होतं. दरड कोसळली असती तर ती शोकसभा खरी ठरली असती, आणि मग ती कुणाचीच राहिली नसती.

"तिथे नको," मी म्हणालो. "ती आत आहे. जिवंत आहे."

साडूनं माझ्याकडे मायेनं पाहिलं. "साडूभाऊ, दुःख आम्हालाही आहे."

फ्लेक्सवाल्यानं पहार पुन्हा उचलली. मी दरडीवर चढून नेमका त्या जागी उभा राहिलो.

"अंकल, हटो ना. मेरे को और दो जगह जाना है."

"नाही हटणार. आधी ते रेशीम बघा. खाली वाका आणि बघा!"

साडू वाकला. गुडघे वाजले. बराच वेळ तो टॉर्च धरून बसला. मग उठला, टोपी घातली आणि मंडळींकडे वळला.

"मित्रहो," तो म्हणाला, "मला शंका होतीच."

टाळ्या कडकडल्या. तिच्या फोटोसाठी आणलेला हार त्याच्याच गळ्यात पडला. छपाई वाया जाऊ नये म्हणून फ्लेक्सचा श्रद्धांजलीचा भाग मागे दुमडून सगळ्यांनी त्यासमोर फोटोही काढला. काढला मी, कारण कुणीतरी काढायला हवा होता. घरी पोहोचेपर्यंत तो बायकोच्या मोबाइलवर आला होता.

"भावजींनी वाचवलं म्हणे तिला," ती म्हणाली.

मे महिन्यात ग्रुपला सुट्टी असते. मंडळी थंड हवेच्या ठिकाणी निसर्गावर प्रेम करतात. मी एकटाच डोंगरीला गेलो. बीळ उघडं होतं, कॉलर नवी. खाली मातीत तिची कात पडली होती: आठही पाय, दातांवरची टरफलंसुद्धा, सगळी ती, फक्त आतून रिकामी. मी गवताची काडी तोडली. मग वाटलं, नवं अंग अजून पुरतं टणक झालं नसेल. काडी टाकून दिली आणि अंधारू लागेपर्यंत लांबच बसलो. शेवटी दोन पाय आले. पहिल्यापेक्षा काळे, मखमली. चिडलेले अजिबात नव्हते.

कात मी डब्यात ठेवून बसमधून मांडीवर आणली. बायको आधी ओरडली, मग चष्मा लावून जवळ आली. खूप वेळ बघत राहिली.

"अगंबाई, एवढ्याशा पायातून बाहेर कशी पडली असेल हो?"

मी सांगितलं. तिनं पूर्ण ऐकून घेतलं. मग मोबाइल उचलला.

"थांबा, भावजींना फोटो पाठवते. त्यांना कळायला नको?"

मी डब्याचं झाकण लावलं.

"कशाला? त्यांना शंका असेलच."