दुपट्ट्याखाली ठरलेलं माझं मरण

माझ्या पोरीने मला रविवारी मारायचं ठरवलं होतं, आणि ही बातमी मला पांढरकवड्याच्या बैलबाजारात एका गिऱ्हाइकाने दिली.

मी बैलांचा दलाल. स्वतःच्या हिमतीवर वर आलेला. बैलाचे दात बघून वय सांगतो आणि गिऱ्हाइकाचं तोंड बघून भाव! त्या दिवशी मी जोडी दाखवत होतो, आणि गिऱ्हाईक माझ्या डोक्याकडे बघत होतं.

"काय पाहून राह्यला? बैल इकडं हाय!"

"शिंगं पाहून राह्यलो, शेठ. अजून फुटले नाही वाटते. रविवारी तर तुमी मरता म्हणे!"

सगळा बाजार हसला. एकाने तर माझ्या तेरवीला काय जेवण असावं, हेही विचारलं.

खुलासा असा. माझी पोरगी प्रणाली मोबाईलवर कादंबरी लिहिते. चित्रांसकट, दर रविवारी एक भाग. लाईट नॉवेल म्हणे. त्यात दोन चंद्रांचं एक राज्य आहे. तिथली नदी डोंगर चढते (आमच्या नळाचं पाणी पहिला मजला चढत नाही!). आणि तिथला कायदा असा, की सौद्यात खोटं बोलणाऱ्याच्या डोक्यावर शिंगं फुटतात. त्या राज्याच्या बाजारात धनभुज नावाचा एक तापट दलाल आहे. भाव फुगवून सांगताना त्याचा डावा डोळा बारीक होतो.

माझाही होतो.

इतकी वर्षं हे कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता गिऱ्हाईक बैलाआधी माझा डोळा बघतं! वर वाचकांनी 'धनभुजला मारा' असा धोशा लावलेला, आणि प्रणालीने त्यासाठी येता रविवार जाहीर केलेला.

घरी पोचताच मी ओरडलो, "बापाले मारून राह्यली तू?"

"तुमाले नाही बाबा, धनभुजले."

"मंग त्याचा डोळा काहून बारीक होते?"

"त्याची सवय हाय ते."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "मरा ना आता! एवढे लोक वाट पाहून राह्यले."

"तो मेला तर बाजारात मले कोण उभं करन? त्याले जित्ता ठेव!"

"जमत नाही. इतकं खोटं बोलणारा शिंगाच्या वजनानंच मरन. माझ्या जगाले नियम हायेत. लिहिणाऱ्यानंच नियम मोडला, तर वाचणारा कायले भरवसा ठेवन?"

शब्दांनी ऐकेना, तेव्हा मी खांद्यावरचा दुपट्टा काढला. आमच्याकडे खरा सौदा दुपट्ट्याखाली, बोटं दाबून होतो. बघणाऱ्याला पत्ता लागत नाही. इथे एक बोट म्हणजे धनभुजला जगायला आणखी एक भाग. प्रणालीने एक बोट दाबलं. मी पूर्ण पंजा धरला. तिने दोन बोटं दिली. मी हात झटकला, चपला घातल्या आणि फाटकापर्यंत गेलो. सौद्यात अशा वेळी समोरचा हाक मारतोच.

तिने मारली नाही.

माझा मीच परत आलो. (हा अपमान मी अजून विसरलेलो नाही.)

शेवटी तिने माझा पंजा घट्ट दाबला. "ठीक हाय. पाच भाग कायले, धनभुज कादंबरी संपेपर्यंत मरणार नाही. पण नियमही मोडणार नाही."

"कबूल!"

मी बाजारभर सांगत सुटलो, "मी नाही मरत! सौदा केला!"

रविवारी बायकोने भाग मोठ्याने वाचला. धनभुज खोटं बोलला, शिंगं फुटली. तो आणखी बोलला, ती आणखी वाढली. वजनाने मान झुकली, हात जमिनीला टेकले, मागून शेपूट आली. धनभुजचा बैल झाला! धडधाकट, जिवंत बैल.

"हे काय वं, प्रणाली?"

"जित्ता हाय ना? नियमही नाही मोडला."

जन्मभर मी माल चारही बाजूंनी बघून घेत आलो. आणि स्वतःच्या सौद्यात, किती पायांवर जगायचं, हे विचारायचंच राहिलं!

तेही गिळलं असतं. पण पुढच्या रविवारी तिने त्या बैलाला बाजारात उभं केलं, आणि तो पहिल्याच बोलीत गेला. घासाघीस नाही, काही नाही!

"अवं, थोडं तरी ताणाचं!"

"गिऱ्हाइकानं दात पाह्यले, बाबा. तुमीच शिकवलं ना, म्हाताऱ्या बैलासाठी जास्त ताणू नये."

आता थकलो. ओरडतही नाही. धनभुजला निदान चारा तरी बरा मिळावा, म्हणून दर शनिवारी दुपट्टा घेऊन तिच्यापुढे बसतो. मी पूर्ण पंजा धरतो, आणि ती एक बोट दाबते. एक पेंडी कडबा.

मी लगेच कबूल म्हणतो.