हळू आणि हल्लु

माझे वरचे दोन दात पडले नव्हते. ते आलेच नव्हते. समोरच्या दोन दातांच्या डावी-उजवीकडे देवाने जागा तेवढी सोडली आणि पुढचं काम विसरला. आमच्या घरातला पहिला बी.ए. मी, आणि पदवीच्या फोटोत ओठ घट्ट मिटलेला बी.ए.ही मीच.

नोकरी लागल्यावर सोलापूरच्या दातांच्या डॉक्टरांनी वर्षभर तारा लावून सरकलेले दात जागेवर आणले आणि रिकाम्या जागी कवळीचे दोन दात बसवून दिले. त्यांचे उपकार मी विसरणार नाही. ते एवढंच म्हणाले, "कडक काही खाऊ नका." (सोलापुरात! जिथं भाकरीसुद्धा पापडासारखी मोडावी लागते.)

लगेच अक्कलकोटकडची एक मुलगी बघायला गेलो. एसटीत आईने बजावलं, "दातांचं बोलू नगंस. लगीन झाल्यावर सांगू."

"आणि तोवर?"

"तोवर हसायचं, पण बेतानं."

मुलीचे वडील कापडाचे व्यापारी. घरात मराठी आणि कानडी दोन्ही. कोपऱ्यात बसलेल्या आजीला मात्र फक्त कानडी. ताटं आली. दही, शेंगाचटणी आणि कडक भाकरी.

आईचा चेहरा उतरला. मी तुकडा उचलताच ती पुटपुटली, "हळू, बाळा, हळू."

आजी एकदम सावरून बसली. "हल्लु?" तिने माझ्या तोंडाकडे बोट दाखवलं.

कानडीत हल्लु म्हणजे दात, हे मला दातांच्या दवाखान्यात ताटकळून कळलं होतं. आईला नव्हतं. म्हातारीला आपलं पटलं असं वाटून आई खुशीत मान हलवत म्हणाली, "व्हय की, हळू! हळूच!"

आता सगळं घर माझे दात बघू लागलं. ते पक्के आहेत हे दाखवायला मी भाकरीचा कडाडून चावा घेतला. भाकरी बाहेर आली. तिच्यात माझे दोन्ही दात रुतून उभे होते.

पाणी घेऊन आलेली मुलगीच म्हणाली, "दह्यात भिजवून खातात ती."

आई हात जोडून म्हणाली, "जन्मापासनंच न्हाईत वो. मारामारी न्हाई, दारू न्हाई."

मुलीच्या वडिलांनी मोठा श्वास सोडला. "एवढंच व्हय? तुमच्या गावात चौकशी केली, तर म्हणाले पोरगं कुणाशी हसत न्हाई. बी.ए.चा लई ताठा हाय. आमी नकारच द्यायच्या इचारात होतो की."

मी तोंडभर हसलो. होतं तेवढ्या तोंडाने. आजीने आमटीत कुस्करलेल्या भाकरीची आपली वाटी माझ्याकडे सरकवली. त्या घरात बिनदाताची ती एकटीच होती; तिला सोबत मिळाली.

लग्न झालं, संसार झाला. आजही जिना उतरताना बायको मागून "हळू" म्हणाली की मी पायरी बघायच्या आधी दात चाचपतो. दात शाबूत आहेत. गुडघे दोन्ही फुटलेत.